फिरंगियाची साक्ष

माझा मोठा भाऊ नागपूरला पोलिसात होता, गुन्हे शाखेतून निवृत्त झाला. माझी मुलगी इथं जबलपूरच्या हायकोर्टात फौजदारी खटले चालवते, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूनं. दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही आणि एकमेकांशी पटतही नाही. दादाला आता एक थरारक मालिका लिहायची आहे. विषय आमच्याच गावचा, ठगांच्या मागं लागलेला ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी कॅप्टन स्लीमन आणि ते ठग. पहिल्या भागाचा पहिला प्रसंग त्यानं वाचून दाखवला. अंधारी रात्र, चंबळचं बीहड, मशाली, गावाला पडलेला वेढा आणि पहिली गोळी. मुलीनं त्याला तिथंच अडवलं. पुढचं बोलणं झालं तसं देते आहे. मधेमधे मी तोंड घातलंय, तेही ठेवलंय.

भाची : मामा, यात स्लीमन कुठं आहे?

मामा : येईल नं. हीरोला पहिल्याच मिनिटाला आणला तर लोक पुढं काय बघतील?

भाची : या छाप्यात तो येऊच शकत नाही. तुम्ही लिहिलाय तो सिंदौसचा छापा, १८१२ सालचा. स्लीमन तेव्हा बंगालच्या फौजेत नवखा अधिकारी होता. नेपाळची लढाईसुद्धा व्हायची होती.

मामा : ठाऊक आहे मला. छापा हॅल्हेडनं घातला. इटाव्याच्या मॅजिस्ट्रेटचा सहायक होता तो. पण जागा बघ नं! चंबळ, कुंवारी, सिंध आणि यमुना, सगळ्या नद्या जवळ येतात तो मुलूख. इंग्रजी सिनेमावाले छापा नेहमी दलदलीत घालतात. मी म्हणतो, आपलं बीहड त्याहून वाईट. दलदलीत पळणाऱ्याचे पाय रुततात, बीहडात पाठलाग करणाराच वाट चुकतो. लेफ्टनंट मॉन्सेल तिथंच मारला गेला. मग कंपनीची मोठी फौज गेली, गाव जाळलं. याच्याहून चांगली सुरुवात मला कुठं मिळणार?

भाची : त्या छाप्यात ठग किती सापडले?

मामा : बरेचसे पांगले.

भाची : पांगले, आणि ग्वाल्हेरपासून बुंदेलखंडापर्यंत पसरले. म्हणजे छाप्यानं टोळ्या मोडल्या नाहीत, वाटून दिल्या. शिवाय छाप्याचं कारण एकटे ठग नव्हतेच. शिंद्यांकडून नुकताच कंपनीकडे आलेला परगणा. तिथले जमीनदार दबत नव्हते, सारा धड मिळत नव्हता. किम वॅगनरनं २००७च्या त्याच्या पुस्तकात हे नीट मांडलंय. मुलूख कुणाचा, हे आधी ठरवायचं होतं. ठगांचा बंदोबस्त त्यात बसला.

मामा : बसला तर बसला. खून होत होते की नव्हते?

हा प्रश्न दादा पुढं पुन्हा पुन्हा विचारणार होता, आणि मला तो रास्त वाटतो. अलीकडे ठग ही सगळी साहेबाची बनवाबनवी होती असं म्हणणारे भेटतात. मिर्झापूर ते नागपूर हा दख्खनचा रस्ता जबलपुरावरून जायचा. काशीला निघालेली आपली माणसं, रजेवर घरी चाललेले शिपाई, सराफांचे खजिनेवाले, सगळे याच वाटेनं. दसरा झाला की टोळ्या निघत. वाटेत गोड बोलून सोबत जोडायची, चार मुक्काम एकत्र करायचे, मग ठरल्या खुणेसरशी गळ्यात रुमाल. मेलेला माणूस घरापासून दोनशे कोस दूर असायचा. तो परतला नाही हे कळायलाच वर्ष लागे, आणि तक्रार करायची तर कुठल्या संस्थानात?

भाची : खून होत होते, हे मी नाकारत नाही. मी विचारते आहे ते वेगळं. कोण करत होतं हे कसं ठरवलं?

मामा : तेच तर सांगायचंय मला! स्लीमनची कमाल तिथंच आहे. १८२२ ते २४ हा बाबा नरसिंहपूरला होता. सगळा जिल्हा त्याच्या हाताखाली. जिल्ह्यातली एकही चोरी आपल्या नजरेतून सुटत नाही असं त्याला वाटायचं. कचेरीपासून चारशे यार्डांवर कंदेली गाव, अन् तिथं ठगांची टोळी घरदार करून राहत होती! हे त्यानं स्वतःच नंतर लिहून ठेवलंय. त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेडा म्हटलं असतं, अशा अर्थाचं. आता सांग, असल्या माणसांना गस्त घालून पकडशील? हत्यार नाही, मालाचा पुरावा नाही, शेजारी म्हणतात भला माणूस. आतलाच माणूस फुटावा लागतो. माफीच्या साक्षीदाराशिवाय टोळी मोडत नाही, बाई. तेव्हाही नाही, आजही नाही.

भाची : माफीचा म्हणता, पण माफी नव्हती ती. फाशी टळायची, एवढंच. जन्मभर कैद.

मामा : गळ्यातला दोर सुटतोय हे काय कमी?

भाची : जास्त आहे, म्हणून तर काळजी वाटते. ज्याला दोर सोडवून घ्यायचाय तो किती नावं घेईल? तुम्ही थांबा म्हणेपर्यंत घेईल.

इथं दादा उठला, पाणी प्यायला आणि फिरंगियाची गोष्ट सुरू केली. ती त्याची आवडती आहे. मी लहानपणापासून ऐकत आले आहे. प्रत्येक वेळी तिच्यात एखादी मशाल वाढते. आज मुलगी समोर असल्यामुळे मशाली कमी होत्या.

फिरंगिया हा ब्राह्मण ठग, मोठा जमादार. स्लीमननं त्याच्या मागावर नजीब, म्हणजे कंपनीचे पायदळ शिपाई, आणि त्यांच्यासोबत ओळख पटवणारे फुटलेले ठग पाठवले. घराला वेढा पडला, पण तो निसटला. घरची माणसं मात्र हाती लागली. ती जबलपुरात आणून ठेवली. बायकामुलं इकडं असताना हा लांब जाणार नाही, हा स्लीमनचा हिशेब. हिशेब बरोबर निघाला. १८३०च्या अखेरीस फिरंगिया सापडला आणि साक्षीदार व्हायला तयार झाला.

मामा : मग येतो तो आमराईतला प्रसंग. जबलपूरहून सागरकडे जाताना स्लीमननं तिथं तंबू ठोकलेले. सोबत बायको. फिरंगिया म्हणाला, इथं माणसं पुरलीत. स्लीमनला खरं वाटेना. पहाटे खणायला लावलं. एका जागी १८१८ साली मारलेला पंडित अन् त्याची सहा माणसं. दुसरीकडे, जिथं घोडे बांधले होते तिथं, १८२४चा हवालदार अन् चार शिपाई. अन् निजायच्या तंबूखाली गंगाजलाच्या कावडी नेणारे चार ब्राह्मण अन् एक बाई. वर स्लीमनची बायको झोपलेली! आता मला सांगा वकीलीणबाई, हे कोणत्या कलमात बसवाल?

भाची : कलम २७. साक्षीपुरावा कायदा, २०२४ला गेला तो जुना.

मामा : शाब्बास! आरोपीनं सांगितलं, त्याप्रमाणे खणलं, वस्तू निघाली. पंचनामा एकदम पक्का. कायदा झाला १८७२ला, पण माझ्या माणसानं चाळीस वर्षं आधी करून दाखवला.

जबलपूरच्या मातीतून हाडं काढायचं स्लीमनच्या नशिबातच होतं म्हणायचं. १८२८ साली त्यानं इथल्याच टेकडीवर जी प्रचंड हाडं गोळा केली, ती पुढं डायनोसॉरची निघाली. १८७७ साली रिचर्ड लायडेकरनं त्या प्राण्याला टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं. आमच्या शाळेत ही गोष्ट कुणी सांगितली नाही. ठग मात्र पहिलीपासून सांगितले.

भाची : मामा, २७ पुरतं वाचा. आरोपीच्या बोलण्यातला जेवढा भाग त्या सापडण्याशी जोडलेला, तेवढाच पुरावा. इथं मढी आहेत हे फिरंगियाला ठाऊक होतं, हे सिद्ध झालं. अमक्या गावचा अमका त्या रात्री तिथं होता, हे त्यातून कुठं सिद्ध होतं? ते त्यानं फक्त तोंडानं सांगितलं. साथीदाराच्या साक्षीवर शिक्षा होऊ शकते असं त्याच कायद्याचं १३३ म्हणायचं, आणि ११४ खालचं उदाहरण म्हणायचं की महत्त्वाच्या तपशिलात बाहेरून दुजोरा मिळाल्याशिवाय साथीदार विश्वासाला पात्र धरू नये. पहिलं तुम्ही पाठ केलंत, दुसरं आम्ही.

मामा : दुजोरा होता. साक्षीदार वेगवेगळे ठेवायचे, प्रत्येकाकडून टोळीतली नावं, नातीगोती, मोहिमा लिहून घ्यायच्या. मग ताडून बघायचं. वंशावळी काढल्या त्यानं ठगांच्या! एकाला दुसऱ्याचं बोलणं कळू न देता माणसं ओळखायला लावायची. आजसुद्धा ओळखपरेड याहून फार वेगळी नसते.

भाची : एका फुटलेल्याला दुसऱ्या फुटलेल्याचा दुजोरा. दोघांचंही मानधन एकच, जीव. आणि वंशावळ! ती कशाला लागते? खून केला की नाही यासाठी वंशावळ लागत नाही. कुणाच्या घरात जन्मला यासाठी लागते.

दादा गप्प झाला असं लिहिण्याचा मोह होतोय, पण तो गप्प होत नाही. त्यानं नुसती मान हलवली आणि म्हणाला, तपासात नातीगोती बघावीच लागतात. फरारी माणूस जातो कुठं? सासुरवाडीला. हे त्याचं बरोबर आहे. पण मुलगी आता तपासावरून कायद्यावर आली होती, आणि मला वाटतं, खरा विषय तिथंच आहे.

भाची : १८३६चा ३० वा कायदा वाचलात तुम्ही?

मामा : ठगांचा? वाचलाय.

भाची : जो कुणी ठगांच्या टोळीत होता असं सिद्ध होईल, हा कायदा होण्याआधी असो की नंतर, कंपनीच्या मुलखात असो की बाहेर, त्याला जन्मठेप, सक्तमजुरीची. खून सिद्ध करायचा नाही. मेलेला कोण, कधी, कुठं, काही नाही. टोळीत होता, बस. आणि तेही कायदा व्हायच्या आधी! आज सकाळी केलेला कायदा काल रात्रीच्या माणसाला. तुमच्या मालिकेत हा प्रसंग आहे का? कलकत्त्याच्या एका टेबलावर चार ओळींचा मसुदा. माझ्या मते तोच खरा छापा. त्यातून कुणी पांगलं नाही.

मामा : अन् मोक्का? मोक्का काय आहे मग? १९९९चा आमचा महाराष्ट्राचा कायदा. कलम ३ चं पोटकलम ४ काढ. संघटित गुन्हेगारी टोळीचा नुसता सदस्य, कमीत कमी पाच वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. तुमच्या लोकशाहीत, तुमच्या निवडून आलेल्या सरकारनं केलेला. काहून केला? कारण मुंबईत सुपारी देणारा दुबईत बसायचा अन् गोळी झाडणारा त्याला ओळखतही नसायचा. टोळी नावाची गोष्ट कायद्याला दिसली पाहिजे. एकेकट्या खुनात ती दिसत नाही. हे स्लीमनला समजलं होतं.

भाची : मोक्क्याला दहा वर्षांतली एकाहून जास्त आरोपपत्रं लागतात, वरिष्ठांची मंजुरी लागते, वकील असतो, अपील असतं. सागरला खटले चालले तेव्हा ठगांच्या बाजूनं कोण उभं होतं?

मामा : कुणी नाही.

भाची : मेडोज टेलरचे आकडे बघा. १८३१ ते ३७. हाती लागलेले एकूण ३,२६६. फाशी ४१२. काळ्या पाण्यावर १,०५९. साक्षीदार बनवलेले ४८३. आणि खटला होऊन सुटलेले किती? बत्तीस.

मामा : तपास चांगला असला की सुटत नाहीत.

भाची : मामा!

मामा : बरं, बरं. बत्तीस कमी आहेत.

एवढी कबुली त्याच्याकडून मी प्रथमच ऐकली. पुढं बोलण्याआधी टेलरबद्दल दोन शब्द, कारण मराठी वाचकाचं त्याच्याशी जवळचं नातं आहे. फिलिप मेडोज टेलर निजामाच्या नोकरीतला. पुढं १८५३ नंतर तो नळदुर्गला अधिकारी होता आणि तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर त्यानं 'तारा' ही कादंबरी लिहिली. पण त्याचं नाव झालं ते १८३९च्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग'मुळे. अमीर अली नावाचा ठग साहेबासमोर बसून सातशेवर खुनांची कथा सांगतो आणि साहेब ती ऐकतो. वरचे आकडे याच कादंबरीच्या प्रस्तावनेत आहेत, म्हणजे सरकारी तक्ता आणि रहस्यकथा एकाच पुठ्ठ्यात बांधलेली! विलायतेत ती तुफान चालली.

मामा : मग? चांगली कादंबरी आहे. गुन्हेगाराच्याच तोंडून गुन्हा, हे तंत्र तेव्हा कुणाला सुचलं होतं?

भाची : तंत्र सुचलं नव्हतं, कचेरीतून उचललं होतं. साक्षीदाराचा जबाब म्हणजेच ती कादंबरी. आणि गंमत कशी, जबाबाला कादंबरीची चटक लागते आणि कादंबरीला जबाबाचा मान मिळतो. बेहराम ठगाचे ९३१ खून जगभर छापले गेले, गिनीजच्या पुस्तकात गेले. जबाबात तो ९३१ वेळा हजर होता म्हणतो. स्वतःच्या हातानं मारलेले सव्वाशेच्या आसपास. पण सव्वाशेला जगात कोण विचारतो?

मी म्हटलं, सव्वाशे काय कमी आहेत का गं.

भाची : नाहीत, आई. म्हणूनच म्हणते, वाढवायची गरज नव्हती. वाढवले, कारण एकट्यादुकट्या लुटारूपेक्षा हिंदुस्थानभर पसरलेला देवीचा पंथ जास्त विकतो. स्लीमननं १८३०च्या ऑक्टोबरात कलकत्त्याच्या एका साहित्यपत्रात निनावी पत्र लिहिलं. विंध्याचलच्या देवीचं देऊळ, तिथले पुजारी, लुटीतला वाटा, सगळं होतं त्यात. सरकार हललं ते त्या पत्रानं. तिथून सरळ रेघ काढा ती १९८४च्या हॉलिवूड सिनेमात अमरीश पुरीच्या मोलारामपर्यंत जाते, धडधडतं काळीज हातात घेऊन.

मामा : ते मी घेणार नाही. माझ्याकडे देऊळ नाही. मुसलमान ठगही भवानीला मानायचे, शकुन बघायचे, हे जबाबात आहे, पण कोणता शेतकरी अन् कोणता दरोडेखोर शकुन बघत नाही? ठग पैशासाठी मारत होते. पेंढाऱ्यांचं युद्ध संपलं, मराठ्यांच्या फौजा मोडल्या, हजारो हत्यारी माणसं रिकामी झाली. माळव्यातला अफूचा पैसा रस्त्यावरून वाहायला लागला. अमरावतीच्या धनराज शेठचा खजिना लुटला तेव्हा त्याच्या गुमास्त्यांनी कंपनीची वाट बघितली नाही. स्वतःच ठग धरले, माल वसूल केला अन् काहींना सोडूनही दिलं. स्लीमन चिडला होता त्यावर. हा माणूस मला दुसऱ्या भागात हवाय, अमरावतीचा गुमास्ता. त्याला पैसा हवा, स्लीमनला फास हवा. झकास जमेल.

हे ऐकून मुलगीही क्षणभर वकिली विसरली. गुमास्त्यावर दोघांचं दहा मिनिटं एकमत होतं. ते इथं देत नाही, कारण त्यात निम्मं बोलणं कोणता नट घ्यावा याचं होतं.

भाची : बरं, साक्षीदारांचं पुढं काय झालं ते दाखवणार का? इथं जबलपुरात, १८३७-३८च्या सुमारास त्यांच्यासाठी उद्योगशाळा निघाली. तंबू, गालिचे, सतरंज्या. गळ्यात रुमाल टाकणारे हात मागावर बसवले म्हणून साहेबलोक बघायला यायचे. पण त्यांची पोरं? त्यांनी काय केलं होतं? तीही तिथंच वाढली, तिथंच विणायला शिकली.

मामा : उपाशी ठेवलं नाही, धंदा शिकवला. त्या काळी दुसऱ्या कोणत्या सरकारनं एवढं केलं?

भाची : आणि शिक्षा झालेल्यांच्या कपाळावर गोंदायचे. १८४९ला बंद झालं ते. कपाळावरचं बंद झालं, कागदावरचं नाही. १८७१चा गुन्हेगार जमातींचा कायदा याच विहिरीचं पाणी आहे. टोळीत होता हा गुन्हा आधी ठगापुरता होता, मग जन्मला हाच गुन्हा झाला. पारधी, कैकाडी, किती नावं घेऊ? १९५२ला कायदा गेला. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' आलं १९८७ला, म्हणजे कायदा जाऊन पस्तीस वर्षांनी. त्यात पोलीस दारात येणं थांबलंय का?

मामा : थांबलं नाही. मी गेलोय पारधी तांड्यावर. रात्री अडीचला. घरफोडी झाली की पहिलं तिकडंच जायचं. कधी माल निघायचा.

भाची : आणि कधी नाही निघायचा.

मामा : बहुतेकदा नाही. पण वरून फोन यायचा, काय केलं आजपर्यंत? त्याला मी काय सांगू, की मी पुराव्याची वाट बघतोय? तू कोर्टात जे बोलतेस ते बरोबर असतं, पण ते दोन वर्षांनी बोलतेस. मला त्या रात्री काहीतरी करायचं असतं.

मला विचाराल तर सबंध बोलण्यात सर्वात खरं वाक्य हे होतं. मुलीचं म्हणणं पुढं असं की ठग संपले ते रस्ते सुधारले, आगगाडी आली म्हणून. १८७०ला मुंबई आणि कलकत्त्याचे रूळ इथंच जबलपुरात जुळले, आणि काशीला जाणारा माणूस अनोळखी सोबत शोधेनासा झाला. दादानं लगेच तारीख धरली. स्लीमन १८५६ला बोटीवर वारला, तोवर रस्ते मोकळे झाले होते, गाडी नंतर आली. या मुद्द्यावर दादा जिंकला असं माझं मत. तिनंही ताणलं नाही. रूळ न आल्यानं स्लीमनचे जबाब खरे ठरत नाहीत, एवढंच म्हणाली.

मामा : मग छापा पहिल्या प्रसंगात नको?

भाची : ठेवा की. फक्त तो फसतो, हेही दाखवा. फिरंगियाच्या घराचा वेढासुद्धा फसलाच. सापडली ती बायकामुलं. दार फोडून शिपाई आत येतात आणि ज्याच्यासाठी आले तो नाही. मग ते कुणाला उचलतात, कॅमेरा तिथं न्या.

मामा : लोकांना स्लीमन आवडणार नाही मग.

भाची : तुम्हाला आवडतो?

मामा : मला त्याचं काम आवडतं. आता मी एक विचारतो. तू १८३०ला इथं वकील आहेस. फिरंगिया कोठडीत आहे, तुला भेटायला बोलावलंय. काय सांगशील त्याला?

भाची : तोंड उघडू नका. एक शब्द नाही.

मामा : अन् मग ते कावडवाले? तो पंडित?

भाची : राहतील तिथंच, जमिनीत. कुणाला कळणारही नाही. (थोडं थांबून) तुम्ही सांगा आता. बायकामुलं कोठडीत नसती तर तो बोलला असता?

मामा : नसता बोलला.

भाची : मग तुम्ही उचलली असती?

मामा : उचलली असती. अन् तू त्यांच्या सुटकेचा अर्ज टाकला असतास.

भाची : त्याच दिवशी.